एन्झाइम, रेशीम आणि नव्याने घडवलेली प्रथिनं: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.ची मुलं, टॉवेल-चादरीच्या प्रोसेसमधली मंडळी, तुती लावलेले शेतकरी, निवृत्त शिक्षक अशा बऱ्याच जणांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत; काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काही संपत नाहीत.

प्रथिन म्हणजे डाळीत असतं तेच ना? त्याचं इंजिनिअरिंग कसलं करायचं?

तेच. पण डाळीतलं प्रथिन आपण पचवून मोडून टाकतो. इथे मतलब आहे तो अखंड प्रथिन जे काम करतं त्याच्याशी.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. कोणत्या आम्लानंतर कोणतं, हा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. साखळी तयार झाली की ती स्वतःच घडी घालून एक ठराविक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. जेकार्डवर चादर विणणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही: कार्डावरची भोकं बदलली की नक्षीतला मोर बदलतो. इथे कार्डांची माळ म्हणजे डीएनए. रसायनशास्त्रज्ञ ती भोकं मुद्दाम बदलतात आणि निसर्गाला कधी गरज पडली नाही असं काम प्रथिनाकडून करून घेतात. काम दोन प्रकारचं असतं. एक, रासायनिक क्रिया घडवून आणणं, म्हणजे उत्प्रेरक; अशा प्रथिनालाच एन्झाइम म्हणतात. दुसरं, स्वतःच पदार्थ होणं: धागा, पापुद्रा, जखमेवर लावायची जेल.

आम्लं, अल्कली, धातूंचे उत्प्रेरक स्वस्तात मिळतात. मग एन्झाइमचा खटाटोप कशासाठी?

कारण एन्झाइम निवड करतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या गावातच आहे.

मागावर चढण्याआधी ताण्याला खळ लावतात, नाहीतर सूत घासून तुटतं. खळीत मुख्यतः स्टार्च असतो. कापड विणून झालं की ही खळ काढावीच लागते, नाहीतर पुढे ब्लिचिंग आणि रंग एकसारखे बसत नाहीत. आता अडचण बघा. स्टार्च हा ग्लुकोजच्या कड्यांचा बनलेला, आणि कापूस म्हणजे सेल्युलोज, तोही ग्लुकोजच्याच कड्यांचा. फरक फक्त कडी कडीला कशी जोडली आहे एवढाच: स्टार्चमध्ये अल्फा जोड, सेल्युलोजमध्ये बीटा जोड. आम्लाला हा फरक पुरेसा कळत नाही. आम्लाने खळ काढायला गेलं आणि वेळेचं किंवा तापमानाचं गणित चुकलं, की खळीबरोबर कापसाचाही धागा कमजोर होतो. अमायलेज नावाचं एन्झाइम मात्र अल्फा जोड तेवढेच कापतं आणि कापसाला हात लावत नाही.

शिवाय ते पाण्यात चालतं, मध्यम तापमानात चालतं आणि वापर झाल्यावर सांडपाण्यात सहज कुजून जातं. तोटेही तितकेच खरे. उष्णता, पीएच, सॉल्व्हंट, ब्लीच यांनी ते लवकर बिघडतं. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. एन्झाइमचंही तेच होतं. हे इंजिनिअरिंग सुरू झालं ते बऱ्याच अंशी या नाजूकपणावर उपाय म्हणून.

मिश्र सुतावर अमायलेज टाकूनही खळ जात नाही. माल खराब आहे का?

आधी खळ कशाची आहे ते विचारा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखी कृत्रिम खळ असेल तर अमायलेज कितीही टाका, ते तिला ओळखतच नाही. ती गरम पाण्याने धुऊनच काढावी लागते. कापडावर आयोडिनचा थेंब टाकून बघा. निळा किंवा जांभळा डाग आला तर स्टार्च शिल्लक आहे. प्रोसेस हाऊसमध्ये यासाठी टेगेवाची १ ते ९ अशी रंगपट्टी वापरतात. ९ म्हणजे स्टार्च नाही.

स्टार्च असूनही जात नसेल तर पाणी मऊ करणारी रसायनं तपासा. बॅसिलस जीवाणूंपासून मिळणाऱ्या बऱ्याचशा अमायलेजना स्थिर राहायला कॅल्शियम लागतं. बोअरच्या जड पाण्याला आपण शिव्या देतो, पण या एका टप्प्यावर त्यातलं कॅल्शियम एन्झाइमच्या कामी येतं. त्याच बाथमध्ये कॅल्शियम धरून ठेवणारं सिक्वेस्टरिंग एजंट भरपूर ओतलं की ते एन्झाइमच्या पोटातलं कॅल्शियमही ओढून घेतं. मग घडी सैल पडते आणि दोष मात्र डब्याला लागतो.

एन्झाइमने धुतलेल्या टॉवेलमध्ये काही प्राणिज राहतं का? घरात विचारतात.

नाही. खळ काढायचं एन्झाइम पूर्वी माल्टपासून किंवा जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. आता ते बहुतेक बॅसिलससारख्या जीवाणूंच्या किंवा बुरशीच्या टाकीतून येतं, आणि पुढच्या उकळत्या ब्लिचिंगमध्ये व धुण्यात निघून जातं. देवघरातल्या सोवळ्यालाही हरकत नसावी. तो निर्णय मात्र आजीचा.

प्रथिनातला एकच अमिनो आम्ल बदलतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रथिनाला थेट हात लावत नाहीत, त्याच्या जनुकात बदल करतात. मायकेल स्मिथ यांनी १९७८ मध्ये दाखवलं की हव्या त्या जागी एक अक्षर बदललेला छोटा डीएनए तुकडा वापरून जनुकात नेमका बदल घालता येतो. १९९३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दुसरा वाटा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायची पद्धत, शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांचा. बदललेलं जनुक ई. कोलायसारख्या जीवाणूत घालायचं, जीवाणू वाढवायचे, ते नवं प्रथिन बनवतात, मग ते वेगळं काढून तपासायचं.

कपडे धुण्याच्या पावडरीतलं सबटिलिसिन घ्या. ते घामाचे, दुधाचे, रक्ताचे प्रथिनयुक्त डाग तोडतं. पण पावडरीत ब्लीचही असतं, आणि ब्लीच या एन्झाइममधल्या २२२ क्रमांकाच्या जागी असलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लातल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटवून त्याला निकामी करतं. १९८५ मध्ये ती एकच जागा बदलून बघितली गेली. मेथिओनिनऐवजी ॲलानिन किंवा सेरीन घातल्यावर एन्झाइम पेरॉक्साइडला टिकू लागलं. काही बदलांत कामाचा वेग थोडा उतरला, पण पावडरीच्या डब्यात महिनोन्‌महिने टिकणं जास्त मोलाचं होतं. रसायनाचं ज्ञान, नेमकी जागा, नेमका बदल, अशी ही सरळ गोष्ट. बहुतेक वेळा मात्र जागा कुठली ते माहीत नसतं.

मग जागा माहीत नसेल तेव्हा?

तेव्हा निसर्गाचीच पद्धत उसनी घेतात: आंधळेपणाने बदल करा, चांगले ते निवडा, त्यांच्यावर पुन्हा बदल करा. याला डायरेक्टेड इव्होल्यूशन म्हणतात आणि याच कामासाठी फ्रान्सिस आर्नल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं मिळालं. उरलेलं अर्धं जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना, विषाणूंच्या अंगावर प्रथिनं मांडून त्यांतली हवी ती वेचण्याच्या पद्धतीसाठी.

आर्नल्ड यांचा १९९३ चा प्रयोग आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना जवळचा वाटेल. त्यांनी सबटिलिसिनला डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, म्हणजे डीएमएफमध्ये काम करायला शिकवलं. अमाइन रसायनं बनवणारे कारखाने सोलापूरच्या आसपास आहेत, आणि डीएमएफचे ड्रम बघितलेल्यांना हे सॉल्व्हंट प्रथिनांचं काय करतं ते माहीत असेल. पाण्यात मजेत चालणारं एन्झाइम त्यात जवळपास ठप्प होतं. आर्नल्ड यांच्या गटाने जनुकात ठिकठिकाणी चुका घडवल्या आणि जीवाणूंच्या वसाहती दुधातलं केसीन व डीएमएफ घातलेल्या ताटल्यांवर वाढवल्या. जिथे एन्झाइम डीएमएफमध्येही केसीन तोडत होतं तिथे वसाहतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं. ती वसाहत उचलायची, तिच्या जनुकात पुन्हा चुका घडवायच्या. अशा फेऱ्यांनंतर मिळालेलं एन्झाइम ६० टक्के डीएमएफमध्ये मूळच्या २५६ पट काम करत होतं. त्यात दहा बदल जमले होते. कागदावर बसून ते दहा कोणी सुचवले असते असं मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, विलेम स्टेमर यांनी निरनिराळ्या जनुकांचे तुकडे करून ते एकमेकांत मिसळायची युक्ती दाखवली. एका वसाहतीतला चांगला बदल आणि दुसरीतला चांगला बदल त्यामुळे एकत्र आणता येतो.

असे किती प्रकार तपासावे लागतात?

इथे खरी मेख आहे, म्हणून आकडेमोड करूनच दाखवतो. ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन घ्या. एकाच जागी एक बदल करायचा तर ३०० जागा गुणिले १९ पर्याय, म्हणजे ५,७०० प्रकार. दोन जागी एकाच वेळी बदल केला तर सुमारे १ कोटी ६२ लाख. तीन जागी, तीन हजार कोटींच्या वर. चौथी जागा घेतली की कुठलीही प्रयोगशाळा हात जोडते.

म्हणून सगळं तपासायचा नाद कोणी करत नाही. एकच महत्त्वाची जागा निवडून तिथे वीसही आम्लं घालून बघायची असतील तर एनएनके नावाचं ३२ कोडॉनचं मिश्रण वापरतात (कोडॉन म्हणजे एका आम्लासाठीची डीएनएमधली तीन अक्षरं). त्यांतले ९५ टक्के प्रकार हाती लागावेत म्हणून साधारण तिप्पट वसाहती उचलायच्या, म्हणजे ९६. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लेटलाही ९६ च खळगे असतात, त्यामुळे एक जागा म्हणजे एक प्लेट, असा सोयीचा हिशोब बसतो.

पण किती तपासलं यापेक्षा काय तपासलं हे महत्त्वाचं. या क्षेत्रात सगळे एकमेकांना बजावतात: ज्याची चाचणी घ्याल तेच हाती येईल. चाचणी गाळलेल्या पाण्यात, २५ अंशांवर, शुद्ध रसायनावर घेतली तर त्याच परिस्थितीत हुशार असलेलं एन्झाइम मिळेल, आणि ते अक्कलकोट रोडवरच्या प्रोसेसमध्ये पहिल्याच दिवशी मान टाकेल. चाचणीची परिस्थिती ठरवणं हा माझ्या मते या शास्त्रातला सगळ्यात कमी शिकवला जाणारा भाग आहे. जनुकात बदल घालणं चार महिन्यांत कुणालाही येतं.

ब्लिचिंगनंतर पेरॉक्साइड मारायला कॅटालेज वापरतात. त्यात सुधारायला काय उरलंय?

बरंच. ब्लिचिंगनंतर कापडात हायड्रोजन पेरॉक्साइड शिल्लक राहिला तर रिॲक्टिव्ह रंगाशी त्याची गाठ पडते आणि रंग फिका किंवा डागाळ येतो. जुना उपाय म्हणजे पुन्हापुन्हा धुणं किंवा क्षपणक रसायन घालणं. सोलापुरात धुण्याला पाणी किती मोजूनमापून वापरावं लागतं ते वेगळं सांगायला नको. कॅटालेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडतो. एन्झाइमांमध्ये हा वेग वरच्या रांगेतला. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो तो याच एन्झाइमचा.

अडचण अशी की ब्लिचिंगचा बाथ उकळता आणि पीएच १० ते ११ असा कडक अल्कली असतो, तर नेहमीच्या कॅटालेजला ५० अंशांच्या आसपास आणि जवळजवळ उदासीन पीएच आवडतो. म्हणजे आधी बाथ थंड करा, मग ॲसेटिक ॲसिडने पीएच उतरवा, मग एन्झाइम. थंड करण्यात वेळ जातो, पुन्हा तापवण्यात वाफ. गरम आणि अल्कली बाथमध्ये अर्धा तास टिकेल असं कॅटालेज मिळालं तर हे दोन्ही टप्पे लहान होतील. त्यासाठी गरम झऱ्यांतल्या आणि सोड्याच्या तळ्यांतल्या जीवाणूंपासून सुरुवात करतात. मुळातच कणखर असलेल्या प्रथिनाला आणखी बदल सोसतात, नाजूक प्रथिन दुसऱ्या-तिसऱ्या बदलातच कोसळतं.

औषधनिर्मितीत याचा खरोखर उपयोग झालाय का, की सगळं प्रयोगशाळेतच?

मधुमेहाचं सिटाग्लिप्टिन घेणारे लोक आपल्या ओळखीत सहज सापडतील. या रेणूत एक अमाइन गट आहे आणि तो एका ठराविक बाजूलाच असावा लागतो. आरशातलं प्रतिबिंब असलेला रेणू चालत नाही. आधीच्या पद्धतीत ऱ्होडियम हा महागडा धातू आणि उच्च दाबाचा हायड्रोजन लागत असे, शिवाय शेवटी धातू काढून टाकायची वेगळी मेहनत.

मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी यासाठी ट्रान्सअमिनेज, म्हणजे कीटोन या प्रकारच्या कच्च्या मालावर अमाइन गट बसवणारं एन्झाइम, घडवलं. २०१० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या एन्झाइमला हा मोठा कीटोन मुळीच चालत नव्हता, तो त्याच्या खाचेत बसतच नव्हता. मग त्यांनी रेणूचा छोटा तुकडा देऊन बघितला, त्यावर एन्झाइमची खाच रुंद केली आणि पायरीपायरीने पूर्ण रेणूकडे गेले. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ बदल होते. ते ५० टक्के डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये, लिटरला २०० ग्रॅम कीटोनवर चालतं आणि एकाच बाजूचं अमाइन ९९.९५ टक्क्यांच्या वर शुद्धतेने देतं. ऱ्होडियमच्या पद्धतीपेक्षा एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला.

या गोष्टीत मला आवडतो तो छोट्या तुकड्याचा डाव. शून्याला कितीही फेऱ्या मारल्या तरी निवडायला काही नसतं. आधी कणभर तरी क्रिया हवी.

भारतातलं जुनं उदाहरण हवं असेल तर पेनिसिलिन ॲसायलेज. पेनिसिलिनपासून पुढची अँटिबायोटिक्स बनवण्यासाठी हे एन्झाइम मण्यांवर बांधून पुन्हापुन्हा वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर बरंच काम झालेलं आहे.

निसर्गात जी क्रिया होतच नाही, ती एन्झाइम करेल?

करतं. सजीवांत कार्बन आणि सिलिकॉन यांचा थेट बंध कुठे बनत नाही. गरम पाण्यात राहणाऱ्या ऱ्होडोथर्मस मरिनस या जीवाणूचं सायटोक्रोम सी हे प्रथिन इलेक्ट्रॉन वाहून नेतं, उत्प्रेरक म्हणून त्याची ओळखही नव्हती. त्यातल्या लोहयुक्त हीममुळे ते थोडासा कार्बन-सिलिकॉन बंध बनवतं असं दिसलं आणि तीन बदलांनंतर ते माणसाने बनवलेल्या उत्प्रेरकांच्या पुढे गेलं. हे काम आर्नल्ड यांच्याच गटाचं, २०१६ चं.

दुसरा मार्ग म्हणजे निसर्ग वापरत नाही असा धातूच प्रथिनात बसवणं. विल्सन आणि व्हाइटसाइड्स यांनी १९७८ मध्ये ॲव्हिडिन या प्रथिनात, त्याला घट्ट चिकटणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या दोरीने ऱ्होडियम बांधून हायड्रोजनेशन, म्हणजे हायड्रोजन जोडण्याची क्रिया, करून दाखवलं होतं. ती कल्पना बराच काळ पडून राहिली आणि जनुकबदल सोपा झाल्यावर पुन्हा वर आली.

आता एआय सगळं करतं म्हणे. मग प्रयोगशाळेची गरज काय?

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकार सांगणं हे हसाबिस आणि जंपर यांच्या अल्फाफोल्डचं काम. वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजित आकार आज फुकट बघता येतात, अगदी मोबाइलवर. बेकर उलट्या बाजूने गेले: हवा तो आकार आधी ठरवायचा आणि त्यात घडी घालेल असा क्रम शोधायचा. २००३ मध्ये त्यांच्या गटाने टॉप७ हे ९३ अमिनो आम्लांचं, निसर्गात कुठेच न सापडणारं प्रथिन बनवून दाखवलं.

पण आकार कळणं आणि वेग कळणं यांत अंतर आहे. उत्प्रेरकाचा वेग अणूंच्या अतिशय बारीक सरकण्यावर ठरतो. संगणकावर बेतलेली सुरुवातीची एन्झाइमं फार मंद होती आणि त्यांना पुन्हा डायरेक्टेड इव्होल्यूशनच्या फेऱ्यांतूनच वेग आला. माझं मत विचाराल तर संगणकाने कचरा कमी केलाय. दहा हजारांऐवजी शंभर प्रकार तपासून काम होतं, आणि छोट्या गावातल्या प्रयोगशाळेला याचा जास्त फायदा आहे. शंभराची चाचणी मात्र तुम्हालाच घ्यावी लागते.

प्लॅस्टिक खाणारं एन्झाइम आलंय, मग पॉलिएस्टरच्या चिंध्यांचं काय?

पॉलिएस्टरचा धागा आणि पाण्याची बाटली हे एकच पॉलिमर आहे, पीईटी. जपानमधल्या साकाई शहरात सापडलेला इडिओनेला साकाएन्सिस हा जीवाणू पीईटीवर जगतो असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं एन्झाइम ३० अंशांवर पातळ पापुद्रा खायला आठवडे घेत होतं.

पीईटीच्या साखळ्या ७० अंशांच्या आसपास सैल होतात, म्हणून एन्झाइमही तिथेच चालायला हवं. फ्रान्समधल्या गटाने पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेलं क्युटिनेज, म्हणजे पानांवरचं मेणचट आवरण तोडणारं एन्झाइम, घेतलं. त्याला स्थिर ठेवणारी कॅल्शियमची जागा काढून तिथे सिस्टीन या गंधक असलेल्या दोन अमिनो आम्लांचा गंधक-गंधक पूल बांधला. वर अमायलेजच्या उत्तरात कॅल्शियमची जी कटकट सांगितली, तिच्यावरचा हा एक पक्का इलाज. २०२० च्या त्यांच्या निबंधात ७२ अंशांवर दहा तासांत ९० टक्के पीईटी मूळ घटकांत मोडलेलं दाखवलं आहे.

कापडाच्या चिंध्यांना मात्र हे जसंच्या तसं लागू होत नाही. ओढून काढलेला धागा फार स्फटिकमय असतो आणि एन्झाइमला स्फटिकात शिरता येत नाही. आधी वितळवून, झटकन थंड करून, बारीक करून घ्यावं लागतं. शिवाय रंग, सुताचं मिश्रण, शिलाईचा दोरा. कापूस-पॉलिएस्टर मिश्रणातला कापूस सेल्युलेज या सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमने आधी काढायचा, हा मार्ग चांगला दिसतो, पण चिंध्यांचा भाव आणि एन्झाइमचा भाव जुळला पाहिजे.

आम्ही तुती लावली आहे. रेशमाचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट संबंध. रेशीम हे प्रथिनच आहे. कोशाच्या धाग्यात आत फायब्रोइन आणि बाहेर डिंकासारखं सेरिसिन असतं. कोशाचा पाव भाग साधारण सेरिसिनचा. फायब्रोइनमध्ये ग्लायसिन, ॲलानिन, ग्लायसिन, ॲलानिन, ग्लायसिन, सेरीन असा सहा आम्लांचा तुकडा परतपरत येतो. हे छोटे रेणू एकमेकांलगत दाटीने बसतात, त्यांचे थर होतात आणि धाग्याला ताकद येते. बायोमटेरियल घडवणाऱ्यांचा धडा इथून सुरू होतो: छोटा तुकडा निवडा, तो किती वेळा गिरवायचा ते ठरवा, मध्ये काय घालायचं ते ठरवा, आणि पदार्थाचा ताण, लवचिकपणा, पाणी धरणं सगळं बदलतं.

सेरिसिन काढून टाकलेलं फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवून, मीठ काढून त्याचा पातळ पापुद्रा, स्पंज किंवा जेल करता येते. बाजारात न चाललेल्या फुटक्या कोशांपासूनही हे होतं, कारण इथे अखंड धाग्याची गरजच नसते.

कोळ्याच्या रेशमाचा एवढा गाजावाजा झाला, ते बाजारात का दिसत नाही?

कोळी पाळता येत नाहीत, एकमेकांना खातात. मग जीवाणूंकडे वळले. पण कोळ्याच्या रेशमाचं प्रथिन प्रचंड लांब आणि ग्लायसिनने भरलेलं. ई. कोलायला एवढं ग्लायसिन जोडायची सवय नाही. ते पुरवणारे आरएनए कमी पडतात आणि साखळी अर्धवट सुटते. २०१० मध्ये कोरिया-अमेरिकेच्या गटाने जीवाणूत ती रसद वाढवली तेव्हा कुठे नैसर्गिक लांबीच्या जवळचं प्रथिन निघालं.

तेही अर्धंच काम. कोळी धागा काढताना नळीत मीठ बदलतो, पीएच उतरवतो, पाणी काढून घेतो आणि ओढतो, सगळं साध्या तापमानाला. आपण तेच प्रथिन सुईतून अल्कोहोलमध्ये सोडतो आणि धागा कमी प्रतीचा येतो. म्हणून बरेच जण रेशीमकिड्याच्या जनुकांतच कोळ्याचा तुकडा घालतात. कातायचं यंत्र किड्याकडे आयतंच आहे. तुती पिकवणाऱ्यांनी या बातम्यांवर लक्ष ठेवावं.

तापमान वाढलं की घट्ट होणारं प्रथिन असतं का? अंड्यासारखं, पण परत पातळ होणारं?

असतं. आपल्या रक्तवाहिन्यांतल्या इलॅस्टिनवरून उचललेली पाच आम्लांची ओळ पुन्हापुन्हा जोडली की अशी प्रथिनं मिळतात. थंडीत पाण्यात विरघळलेली राहतात, ठराविक तापमानाच्या वर दुधाळ होऊन वेगळी होतात, गार केल्यावर पुन्हा विरघळतात. ते तापमान ओळीतल्या चौथ्या आम्लावर ठरतं. पाण्याला दूर ठेवणारं आम्ल घातलं की ते उतरतं, पाणी आवडणारं घातलं की चढतं. शरीराच्या तापमानाला जेल होऊन बसेल असं बेतून त्यात औषध घालता येतं. हेच प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला शेपटासारखं जोडलं, तर शुद्धीकरणाला महागडा कॉलम लागत नाही. गरम करा, सेंट्रिफ्यूज करा, गार करा. आपल्याकडे मे महिन्यात गरम करायचंही काम उरत नाही.

शरीरात वापरायचं असेल तर एक सावधगिरी. ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष कणभर राहिलं तरी ताप आणि दाह होतो. प्रयोगशाळेत सुंदर दिसणाऱ्या कित्येक जेल या चाचणीत अडकतात.

सुधारलेले जीवाणू बाहेर पडले तर? आणि एन्झाइमची पावडर हाताळणं धोक्याचं आहे का?

प्रयोगशाळेतले ई. कोलायचे वाण पिढ्यान्‌पिढ्या ताटलीवर वाढून दुबळे झालेले असतात. तरी नियम पाळावेच लागतात. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत आणि जनुकबदलाचं काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती असावीच लागते. जीवाणू वाढवलेलं माध्यम ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, मोरीत ओतायचं नाही.

पावडरीचा धोका जास्त खरा आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या डिटर्जंट कारखान्यांत एन्झाइमची धूळ नाकात जाऊन कामगारांना दमा झाल्याचं दिसलं. त्यानंतर एन्झाइमवर मेणासारखा थर देऊन दाणे बनवू लागले. सुटी पावडर घेऊ नका; द्रव किंवा दाणेदार घ्या आणि मास्क लावा.

सोलापुरात राहून हे शिकता येईल का?

सुरुवात नक्की होते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आहेच. स्टार्चच्या ताटलीवर आयोडिन ओतून अमायलेज बनवणारी वसाहत ओळखणं, दुधाच्या ताटलीवर प्रोटिएज, म्हणजे प्रथिन तोडणारं एन्झाइम, ओळखणं, यांना महागडं यंत्र लागत नाही आणि नोबेलच्या प्रयोगाची चाचणीही याच जातीची होती. शुद्ध जीवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून रीतसर मागवता येतात. जनुक बनवून घेणं, डीएनए वाचून घेणं हे कुरिअरने होतं. मोठ्या यंत्रांसाठी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचं, हे इथल्या विद्यार्थ्यांना नवीन नाही.

फ्रीझरला इन्व्हर्टर हवाच. एन्झाइम निम्म्या ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवलं की गोठत नाही, आणि थोडा वेळ वीज गेली तरी तग धरतं.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. आम्ही संशोधकांना काय देऊ शकतो?

तुमच्या बाथचं पाणी. खरंच. एन्झाइम शोधणाऱ्याला सगळ्यात दुर्मीळ असतं ते हेच. खळ काढण्याच्या, ब्लिचिंगच्या आणि त्यानंतरच्या धुण्याच्या बाथमधून प्रत्येकी लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत घ्या. प्रत्येक बाटलीवर तापमान, पीएच, किती मिनिटं चाललं, आणि त्यात पडलेल्या प्रत्येक रसायनाचं नाव लिहा. वेटिंग एजंट, सिक्वेस्टरिंग एजंट, स्टॅबिलायझर, मास्तरांनी आयत्या वेळी ओतलेलं असेल तेही. बोअरचं पाणी वेगळ्या बाटलीत. उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यातलं वेगवेगळं द्या, जडपणा बदलतो. बरोबर न धुतलेल्या कापडाचा हातभर तुकडा असू द्या. पेरॉक्साइड असलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठून ती फुटते.